नुसत्या साखरेवर मावा पोसतो कसा?



गेल्या पौषात आपल्या शेतकी विभागातील आम्ही चौघे कारखान्याच्या कामानिमित्त मुंबईस गेलो होतो. काम लवकर आटोपले आणि हाताशी दीड दिवस उरला. आमच्यातील एकाच्या लेकीचे सासर रेवसला. "मुंबईपर्यंत येऊन पोपटी न खाता माघारी गेलात तर बोलणार नाही," असा व्याह्यांचा निरोप होता. तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून लाँच धरली आणि धरमतर खाडीच्या तोंडाशी रेवस बंदरात उतरलो.

आपण घाटावरची माणसे. तिकडची शेती आपल्याला नवीन. पावसाळ्यात भात घ्यायचे, ते कापले की जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल टाकायचा. पाणी द्यायचे नाही, रात्रीच्या थंडीवर आणि दवावर पीक येते. पौषात त्याच्या कोवळ्या शेंगा मडक्यात भरायच्या, भांबुर्डीचा पाला घालायचा आणि मडके पालथे घालून भोवती जाळ करायचा. ही पोपटी.

शेंगा तोडायला आम्हीही शेतात उतरलो. पाहतो तो काही वेलांचे शेंडे काळेभोर. जवळ जाऊन पाहिले तर मावा. शेंड्यावर, फुलांच्या दांड्यावर, शेंगांवर एकाला एक चिकटून बसलेला. खाली पानांवर चिकटा आणि त्या चिकट्यासाठी मुंग्यांची रांग. व्याह्यांच्या आई चुलीतली राख घेऊन वेलांवर भुरभुरत होत्या. आम्ही साखर कारखान्याचे लोक असे कळल्यावर त्यांनी हात थांबवला आणि विचारले :

"तुमी साखरवाले ना? मंग सांगा पावनं. ह्यो मेला निसता गोड रस पितो. पोराला निसता गूल घातला तर अंग धरील काय? मंग ह्याची येवढी पिलावल होते कशी?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. चौघांत दोघे कृषी पदवीधर, पण आजींचा प्रश्न इतका सरळ होता की चटकन उत्तर सुचेना. परत आल्यावर पुस्तके काढली, जाणत्यांना विचारले, आणि जे समजले ते या अंकात मांडत आहोत. कारण हा प्रश्न वालाच्या माव्याचा तसाच आपल्या उसाच्या लोकरी माव्याचाही आहे, आणि त्याच्या उत्तरात आपल्या खिशाचा हिशेब दडलेला आहे.

रसाचा ताळेबंद

मावा पान कुरतडत नाही. त्याला केसाहूनही बारीक अशी सोंड असते. झाडाच्या अंगात दोन प्रकारच्या नळ्या असतात. एक मुळाकडून पाणी वर नेणारी, दुसरी पानात तयार झालेली साखर बाकीच्या झाडाला पोचवणारी. मावा आपली सोंड नेमकी या दुसऱ्या नळीत घालतो. त्या नळीत रस दाबाखाली असतो, म्हणून एकदा सोंड लागली की रस आपोआप वर चढतो. आयता नळ म्हणा ना!

आता या रसाचा ताळेबंद मांडू. जमेच्या बाजूला साखर भरपूर. पण अंग वाढायला प्रथिने लागतात. प्रथिन म्हणजे भिंत, आणि तिच्या विटा म्हणजे अमिनो आम्ले. या विटा वीस जातींच्या. त्यांतल्या निम्म्या जाती प्राण्याचे शरीर स्वतः पाडू शकते. उरलेल्या निम्म्या मात्र बाहेरूनच, अन्नातून आणाव्या लागतात. आपण त्या डाळी, दूध, अंडी, मासळीतून घेतो. म्हणूनच आजी म्हणाल्या तसे नुसत्या गुळावर पोर अंग धरत नाही.

झाडाच्या रसात अमिनो आम्ले असतात, पण साखरेच्या मानाने फार थोडी. त्यांतही ज्या जाती प्राण्याला स्वतः बनवता येतात त्याच जास्त, ग्लुटामिन आणि ॲस्पराजिन यांसारख्या. ज्या बाहेरून लागतात त्यांचा नेमका तुटवडा. एका जातीची वीट संपली तरी गवंड्याचे काम थांबते, बाकीचा ढीग पडून राहतो. तेव्हा माव्याची अडचण साखरेची कधीच नव्हती. त्याची अडचण नत्राची आहे.

साखर तर त्याला नकोशी होते. मोरावळ्याच्या पाकात आवळा टाकला की तो आपले पाणी सोडून आक्रसतो. इतका दाट रस पोटात गेल्यावर माव्याचेही तसेच व्हायचे. म्हणून त्याच्या आतड्यातील पाचक द्रव्ये साखरेचे सुटे कण जोडून लांब साखळ्या करतात. त्यामुळे पाण्याची ओढ कमी होते. मग थोडेसे नत्र मिळवण्यासाठी तो भरमसाट रस ओढतो आणि वरकड साखर मागून टाकून देतो. वालाच्या पानावर मुंग्यांना बोलावणारा आणि आपल्या उसाच्या पानावर काळी बुरशी चढवणारा जो चिकटा, तो हाच.

पोटातला भागीदार

एवढा रस ओढूनही तुटवड्याच्या विटा पुऱ्या पडत नाहीत. मग त्या येतात कोठून? माव्याच्या पोटात एक भागीदार बसलेला असतो. हा एक जिवाणू. अशा सोबती जिवाणूंचा आयुष्यभर अभ्यास करणारे जर्मन शास्त्रज्ञ पॉल बुक्नर यांच्या नावावरून त्याला बुक्नेरा म्हणतात.

जिवाणू म्हटले की रोग, असे सभासदांनी समजू नये. बेणेप्रक्रियेत आपण ॲसिटोबॅक्टर वापरतो. तो उसाच्या अंगात राहून हवेतील नत्र धरतो. तसाच हा माव्याचा सोबती. माव्याच्या पोटात काही डझन मोठ्या पेशी खास याच्यासाठी राखलेल्या असतात. त्या पेशींत बुक्नेरा दाटीवाटीने राहतो. मावा त्याला साध्या जातीची अमिनो आम्ले पुरवतो, आणि बुक्नेरा त्यांतून तुटवड्याच्या जाती बनवून देतो. आईच्या पोटातच पिल्लाला हा जिवाणू मिळतो. ही भागीदारी दहा कोटींहून अधिक वर्षांची आहे.

इतक्या वर्षांत दोघेही एकमेकांवाचून पांगळे झाले. इ.स. २००० मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी बुक्नेराचा संपूर्ण जनुकसंच वाचला. त्यात अवघी ६ लाख ४० हजारांच्या आसपास अक्षरे निघाली. आपल्या आतड्यात राहणाऱ्या त्याच्या दूरच्या भाऊबंदाजवळ सुमारे ४६ लाख असतात. जे माव्याकडून आयते मिळते ते बनवण्याची कृती त्याने टाकून दिली. २०१० साली वाटाण्यावरील माव्याचा जनुकसंच प्रसिद्ध झाला तेव्हा दुसरी बाजूही दिसली. आर्जिनिन नावाचे अमिनो आम्ल बनवण्याची सोय माव्याजवळ उरलेलीच नाही, ते सर्वस्वी बुक्नेराकडून यावे लागते. प्रतिजैविक औषध देऊन हा जिवाणू मारला तर मावा खुरटतो आणि त्याला पिल्ले जवळजवळ होतच नाहीत.

पुढे फोनवर आजींना हे सांगितले तेव्हा त्या लगेच म्हणाल्या, "म्हंजे त्याच्या पोटात रांधनारीन बसलीय म्हना की!" आम्हांला दोन पाने लागली, त्यांना एक वाक्य पुरले.

उघाडी

आता लेखातला मुख्य मुद्दा. रांधणारीण आत बसली आहे, पण तिच्याकडे शिधा जातो कसा आणि शिजलेले बाहेर येते कसे?

रेवसच्या बाजूला खाडीकाठच्या जमिनीला बांध घातलेले असतात. बांधाच्या पलीकडे खारे पाणी, अलीकडे भात. या बांधात ठिकठिकाणी झडपेची दारे असतात, त्यांना उघाडी म्हणतात. भरती आली की खाऱ्या पाण्याच्या दाबाने झडप मिटते. ओहोटी लागली की आतले पावसाचे पाणी झडप ढकलून बाहेर पडते. खारे आत येऊ द्यायचे नाही, गोडे साचू द्यायचे नाही, एवढे काम ती बिनतक्रार करते. उघाडी सडली किंवा बांधाला खांड पडली तर खाचर खारवते आणि सगळे बसते.

पेशीचेही असेच. प्रत्येक पेशीभोवती तेलकट पडद्याचा बांध असतो. अमिनो आम्ले पाण्यात विरघळणारी, त्यांना तो बांध सहसा ओलांडता येत नाही. म्हणून त्या पडद्यात जागोजागी उघाड्या बसवलेल्या असतात. त्यांना शास्त्रात अमिनो आम्लांचे वाहक म्हणतात. वाहक हेही एक प्रथिनच, आणि ते कसे घडवायचे याची कृती ज्या जनुकात लिहिलेली असते ते वाहकाचे जनुक.

खाडीची उघाडी आणि ही उघाडी यांत दोन फरक आहेत. पहिला, खाडीच्या उघाडीतून पाण्याबरोबर काडीकचराही जातो. वाहक मात्र पारखी असतो. त्याच्या आत एक खाच असते आणि त्या खाचेत बसेल तेच आम्ल तो घेतो. दुसरा, त्याला जणू दोन झडपा असतात आणि एका वेळी एकच उघडी राहते. बाहेरची उघडली, माल खाचेत बसला, बाहेरची मिटली, मग आतली उघडली आणि माल आत सुटला. पुन्हा पहिल्यापासून. दोन्ही एकदम कधी उघडत नाहीत, म्हणून बांधाला खांड पडत नाही.

माव्याच्या अंगात अमिनो आम्लाला असे बांध किती लागतात ते मोजा. रसातून आतड्याच्या भिंतीत आणि भिंतीतून रक्तात. रक्तातून जिवाणूच्या राखीव पेशीत. त्या पेशीत प्रत्येक जिवाणूभोवती माव्याचा आणखी एक पडदा असतो, तो ओलांडून जिवाणूकडे. तयार माल पुन्हा त्याच वाटेने उलटा. प्रत्येक बांधावर उघाडी हवी. एकही बंद पडली तर रांधणारीण बसून राहील आणि मावा साखरेच्या राशीवर उपाशी मरेल.

सातबाऱ्याच्या नकला

या उघाड्या माव्याने कोठून आणल्या? नवीन कोठून आणणार? जुन्यांच्याच नकला काढल्या. पिढ्या बदलताना कधी कधी एखादे जनुक चुकून दोनदा उतरते. मग एक प्रत जुने काम सांभाळते आणि दुसरीला मोकळीक मिळते. तिच्यात बारीकसारीक फेरफार होत जातात आणि कालांतराने ती वेगळ्याच कामाला लागते. तलाठ्याकडून उताऱ्याच्या दोन नकला घ्याव्यात, एक पेटीत ठेवावी, दुसरी बँकेत कर्जासाठी द्यावी, तसे.

अमेरिकेतील मायामी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी वाटाण्यावरील माव्याची ही जनुके एकेक करून तपासली. रस पिणाऱ्या या किड्यात काही वाहकांच्या बऱ्याच नकला झालेल्या आढळल्या. काही नकला जिवाणूच्या राखीव पेशीत जोमाने काम करतात, काही आतड्यात. एका घराण्यातील काही नकला तर नर माव्यातच जास्त चालतात. मावा, पिठ्या ढेकूण, पांढरी माशी अशा किडींची तुलना केली तेव्हा दिसले की नकला काढण्याची आणि त्या सोबत्याच्या दारावर बसवण्याची युक्ती रस पिणाऱ्या किडींत वेगवेगळी, एकापेक्षा जास्त वेळा झाली आहे. अडचण सारखी, तेव्हा तोडही सारखी.

एका वाहकाच्या बंद पडण्याने काय होते हे फळांवरच्या चिलटात २००३ साली दिसून आले. चरबीच्या पेशींतील एक वाहक कमी केला तर सबंध अळीच खुजी राहिली. म्हणजे हे दार नुसते माल आत घेत नाही. अन्न पुरेसे आहे की नाही याची वर्दीही शरीराला त्यावरूनच मिळते.

गोदाम भरले की चिठ्ठी बंद

हे पुढचे सभासदांना चटकन समजेल. गाळपाच्या दिवसांत गव्हाणीवर गाड्यांची रांग लागली की आपण काय करतो? चिटबॉयला सांगतो, आज तोडीची चिठ्ठी देऊ नको. आतला माल हलला की पुन्हा चिठ्ठी सुरू. माव्याच्या पोटातही असाच बंदोबस्त निघाला.

राखीव पेशीच्या बांधावर ग्लुटामिन आत घेणारी एक उघाडी आहे. ग्लुटामिन म्हणजे कच्चा माल, आपला ऊस समजा. त्यातून बाकीच्या जाती घडवल्या जातात. आर्जिनिन म्हणजे बुक्नेराने तयार केलेला पक्का माल, गोदामातील साखर. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या कामात मायामीच्या शास्त्रज्ञांनी या उघाडीचे जनुक बेडकीच्या अंड्यात घालून पाहिले. त्या अंड्याच्या पडद्यावर माव्याची उघाडी तयार झाली आणि काय आत येते ते मोजता आले. ग्लुटामिन आत येत होते. पण आर्जिनिन ठेवले की ते येऊन त्याच खाचेशी अडून बसे आणि ग्लुटामिनची आवक मंदावे.

अर्थ असा, की पक्का माल रक्तात साचला की तोच दारात उभा राहतो आणि कच्च्या मालाची चिठ्ठी थांबवतो. मावा वाढू लागला, पिल्ले घडू लागली, आर्जिनिन खर्च झाले की दार मोकळे. ना कारकून, ना मुकादम. २०१९ साली त्याच मंडळींनी इतर संशोधकांबरोबर जिवाणूभोवतीच्या आतल्या पडद्यावरील एका उघाडीचेही काम उलगडले.

वाया जाणेही फारसे नाही. शरीरात तयार होणारा अमोनिया म्हणजे टाकाऊ नत्र. राखीव पेशीतील व्यवस्था तो धरून पुन्हा ग्लुटामिन आणि ग्लुटामेट बनवण्याकडे लावते. आपण प्रेसमडचे कंपोस्ट करून शेतात घालतो तसेच हे.

२००२ चा पावसाळा

आता आपल्या घरचे बोलू. लोकरी मावा भारतात पूर्वीपासून होता, पण पूर्वेकडे. २००२ च्या पावसाळ्यात तो सांगली जिल्ह्यात दिसला आणि बघता बघता पश्चिम महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकात पसरला. पानाच्या खाली पांढरी लोकर, वर काळी बुरशी. फडात शिरलेला माणूस पांढरा होऊन बाहेर येई. जुन्या सभासदांना ते दिवस आठवत असतील.

त्या वेळी आम्ही काय केले? खरे तेच सांगतो. आम्ही पंप घेऊन गावोगाव फिरलो आणि फवारा, फवारा म्हणून सांगितले. उभ्या, दाटलेल्या उसात फवारा पोचतो किती? वरची पाने भिजली, खालचा मावा तसाच राहिला. एका सभासदाने दावणीची कालवड विकून औषध आणले आणि तीनदा मारले. महिन्याभरात त्याचा फड पुन्हा पांढरा. त्याच्या बांधाला लागून एका विधवा बाईचा फड होता. तिच्याजवळ औषधाला पैसे नव्हते, म्हणून फवारणी झालीच नाही. तिच्या पानाखाली लोकरीत जाळी करून बसलेल्या अळ्या सापडल्या, मावा खाणाऱ्या. त्या वेळी तिला कोनोबाथ्रा म्हणत, आज डिफा म्हणतात. तिचा ऊस सावरला. कालवड विकणाऱ्या सभासदाने आम्हांला कधी बोल लावला नाही. म्हणूनच ते जास्त लागले.

पुढे डिफा आणि मायक्रोमस या मित्रकिडींची पाने तोडून एका फडातून दुसऱ्या फडात लावली गेली. एन्कार्सिया नावाची बारीक परोपजीवी माशी ईशान्य भारतातून आणून सोडण्यात आली आणि ती इकडे रुजली. लोकरी माव्याचा कणा या मित्रांनी मोडला. मावा संपला नाही, पण पुन्हा तशी धाड आली नाही. ज्याची मादी नराशिवाय पिल्ले देते आणि जिच्या पोटातील पिल्लाच्या पोटात नातवंडाची तयारी चालू असते, अशा किडीला औषधाने गाठणे कठीण. तिच्याइतक्याच चिकाटीने तिला खाणारा कोणी शेतात राहू द्यावा लागतो.

युरियाची गोणी

मित्रकिडींचा धडा आपण घेतला. दुसरा धडा अजून पुरता घेतलेला नाही आणि तो उघाडीच्या गोष्टीत आहे.

युरियात ४६ टक्के नत्र. जमिनीत त्याचे रूपांतर होते, मुळे ते उचलतात आणि ऊस त्याची अमिनो आम्ले करतो. त्यांत ग्लुटामिन आणि ॲस्पराजिन ही नत्र वाहून नेणारी मुख्य आम्ले. उसाची वाढ जोरात असेल तर ती लगेच प्रथिनात बांधली जातात. पण वाढीच्या गरजेपेक्षा जास्त नत्र पडले की ती सुटीच रसात फिरत राहतात. वरून पान काळेभोर हिरवे दिसते, मालक खूष. त्याच पानाखाली बसलेल्या माव्याच्या आयत्या नळात आता साखरेबरोबर ग्लुटामिनही वाढलेले असते. म्हणजे ज्या एका गोष्टीची त्याला चणचण होती तीच आपण विकत आणून त्याच्या दारात टाकली!

गैरसमज नको. युरियाने मावा जन्मत नाही. हवा, ढगाळ दिवस, जात, शेजारचा फड, मित्रकिडी, सगळ्यांचा त्यात वाटा आहे. वर सांगितलेले वाहकांचे संशोधनही वाटाण्याच्या माव्यावर झाले आहे. लोकरी मावा त्याच्या दूरच्या नात्यातला, आणि त्याच्या कुळातील काहींनी तर जिवाणू सोडून बुरशीच्या जातीचा सोबती धरला आहे. पण रस पिणाऱ्या किडीची भूक नत्राची, ही गोष्ट सगळ्यांना लागू. भातावरचा तपकिरी तुडतुडाही नत्र जास्त दिलेल्या खाचरात अधिक माजतो. रेवसचे व्याही न विचारता म्हणाले होते, "ज्या खाचरात युरिया ज्यास्ती, तितलाच भात पैला बसतो."

आपले दुहेरी नुकसान होते. उशिरा आणि जास्त दिलेल्या नत्राने ऊस लोळतो, पक्वता लांबते आणि उतारा घसरतो. म्हणजे गोणीचे पैसे गेले, मावा पोसला आणि साखरही कमी आली.

दारालाच कुलूप लावता येईल काय?

काही सभासद विचारतील, ही उघाडी इतकी मोलाची आहे तर तीच बंद करणारे औषध का काढत नाहीत? शास्त्रज्ञांच्या मनात हे आहेच. माव्याच्या नकला त्याच्या खास, मधमाशीच्या किंवा माणसाच्या नव्हेत. तेव्हा नेमका त्याच जनुकाचा निरोप खोडणारा पदार्थ दिला तर मावा उपाशी राहावा आणि मित्रकीड वाचावी, अशी कल्पना आहे. जनुकाचा निरोप खोडणारे फवारणीचे औषध प्रत्यक्षात आलेलेही आहे. अमेरिकेत २०२३ च्या अखेरीस बटाट्यावरील भुंगेऱ्यासाठी तशा औषधाला परवानगी मिळाली. पण ते पान खाणाऱ्या किड्यासाठी आहे आणि त्याचा या उघाड्यांशी संबंध नाही. माव्याला असे औषध लागू करणे अवघड जाते. त्याच्या लाळेत आणि आतड्यात तो निरोप फाडून टाकणारी द्रव्ये असतात, शिवाय तो पानावरचे काही खात नाही, नळीतलाच रस पितो.

म्हणून कोणी दुकानदार "जनुकाचे औषध आले आहे, माव्याची दारे बंद करते" असे सांगून बाटली पुढे करील तर सभासदांनी खिशात हात घालू नये. लेबल आमच्याकडे आणून दाखवावे.

एवढे मात्र करावे

दारे बंद करणे आज आपल्या हातात नाही. दारात किती माल टाकायचा हे मात्र आहे.

पहिली गोष्ट, नत्र मोजून द्यावे. महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी सुरू उसास २५० किलो, पूर्वहंगामीस ३४० किलो आणि आडसालीस ४०० किलो नत्राची आहे. हे नत्राचे आकडे आहेत, युरियाचे नव्हेत. माती तपासून त्यात कमीजास्त करावे.

दुसरी, ते चार हप्त्यांत द्यावे. लागणीला १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४०, बारा ते सोळा आठवड्यांनी १० आणि मोठ्या बांधणीला उरलेले ४० टक्के. बांधणीनंतर "जरा काळोखी यावी" म्हणून गोणी फोडू नये. स्फुरद आणि पालाश सोडून नुसते नत्र देऊ नये.

तिसरी, पांढरी लोकर दिसली तर आधी पान उलटे करून पाहावे. लोकरीत जाळी आणि अळी दिसली, किंवा मेलेला, पोकळ मावा दिसला तर फवाऱ्याचे नाव काढू नये. ती पाने नवीन लागण झालेल्या फडात नेऊन लावावीत.

चौथी, मावा असलेल्या फडातील बेणे किंवा वाढे दुसऱ्या गावी नेऊ नये.

परत निघताना आजींनी वालाच्या शेंगांची पिशवी हातात दिली आणि म्हणाल्या, "रानात राख टाका." उसाच्या दहा फुटी फडात राख टाकणे काही जमायचे नाही, पण त्यांच्या बोलण्यातला विचार आम्ही घेतला आहे. घरात असेल त्या स्वस्त उपायाने सुरुवात करावी. आणि आपला सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे न फोडलेली गोणी.

या हंगामात ज्यांच्या उसात लोकरी मावा दिसेल त्यांनी औषध आणण्यापूर्वी एक पान गट ऑफिसात घेऊन यावे. आमच्या माणसाला तेथे भिंग देऊन ठेवले आहे. पुन्हा कोणाची कालवड आमच्या सांगण्यावरून विकली जाऊ नये, एवढीच आमची इच्छा आहे.

कळावे.

आपला,
शेतकी विभाग